सापाचं पान

सहदेवची पोथी पिंगुळीला, पत्र्याच्या ट्रंकेत,
लाल फडक्यात, कडुनिंबाच्या पाल्यात.
इथे सोहारला त्याच्याकडे
लबनच्या खोक्यांचे चौदा पुठ्ठे,
दोन्ही बाजूंनी कोरे.

शुक्रवारी रात्री मेसची भांडी पालथी पडली
की तो कांद्याच्या पोत्यावर बसायचा,
हुडुकाऐवजी तेलाचा रिकामा डबा,
आणि विचारायचा, हुंकारा कोण देणार?
हुंकाऱ्यावाचून गोष्ट आंधळी. भिंतीवर आपटते.

हुंकारा गुलजमान द्यायचा. क्रेनवाला, पेशावरकडचा.
नळराजा त्याचा कुणी लागत नव्हता,
पण त्याचा 'हूं' छातीच्या तळातून यायचा,
विहिरीत घागर बुडावी तसा.

पहिला पुठ्ठा: फासे.
सहदेव बोटाने दाखवायचा,
हा पुष्कर, हा त्याचा डोळा, आणि बुबुळात बसलाय तो कली.
तपकिरी पुठ्ठ्यावर खरंच काहीतरी हलायचं.
मी वेल्डर. डोळ्यांवर माझा फारसा भरवसा नाही,
तरी सांगतो.

दमयंती झोपलेली. दोघांत एकच वस्त्र.
इथे तो हिंदी सोडायचा.
कॅम्पची मोडकी हिंदी, जिच्यात त्याने
हत्ती, राजे, अख्खं स्वयंवर खपवलं होतं,
ती या एका पुठ्ठ्याला पुरायची नाही.
"राजा रे, खंय गेलंस?"
बिजू केरळचा, तपन सिल्हेटचा.
कुणीच कधी अर्थ विचारला नाही.

मग वणवा. वणव्यात कर्कोटक.
साप म्हणतो, उचल मला, आणि पावलं मोजत चाल.
एक. दोन.
आम्ही सगळे मोजायचो, ज्याच्या त्याच्या भाषेत,
चारपासून नुसता गलका.
दहाला सहदेव डब्यावर असा हात हाणायचा
की बाहेर कचऱ्याजवळची मांजरं पांगायची.
डसला! राजा काळा पडला, खुजा झाला, हात आखडले.
नाव बाहुक. परमुलखात आचारी.
"विषाला भिऊ नका," सहदेव हळूच म्हणायचा,
"ही राजाची लपायची जागा."
त्याच्या नखांत हळद.
कार्डावर कुणीतरी त्याचं नाव 'सादेव' छापलेलं,
सात वर्षं तो त्याच नावाला ओ देत होता.

शेवटून दुसरा पुठ्ठा.
केशिनी दासी बाहुकाच्या रांधण्यातला घास घेऊन आली.
दमयंतीने तो जिभेवर ठेवला.

इथे तो थांबायचा.
किती वेळ? एसीचा कॉम्प्रेसर बंद पडून
पुन्हा धडधडेपर्यंत.
गुलजमानसुद्धा हुंकारा गिळायचा.
एकदा तपन उठून बाहेर गेला आणि म्हणाला, मिरची उडाली डोळ्यात,
तेव्हा मेसमध्ये चूल थंड होती.

"ओळखलान," सहदेव म्हणायचा.
बस. शेवटचा पुठ्ठा तो दाखवतही नसे,
राज्य परत मिळालं ते घाईघाईत, उभ्या उभ्या,
डबा उचलता उचलता सांगून टाकायचा.

रमजान संपला आणि कंपनीने मेस ठेकेदाराला दिली.
सहदेवला तीन दिवसांत तिकीट.
जाताना त्याने सुरी, चप्पल, खोबरेल, सगळं नेलं,
पुठ्ठे बंकखाली राहिले.

पुढच्या शुक्रवारी गुलजमान ते माझ्यासमोर ठेवून बसला.
तू कुडाळचा ना? मग तुला येत असणार.
म्हटलं, बाबा रे, कुडाळात दोन पेट्रोल पंपही आहेत,
म्हणून मला तेल काढता येतं का?
तो हसला नाही.
मी उगाच एक पुठ्ठा उचलला, धरला.

"उलटा," तो म्हणाला. "सापाचं डोकं खाली गेलं."

मी पाहिलं. कोरा. मागूनही कोरा,
एका कोपऱ्यावर हळदीचा अंगठा.
मी तो फिरवून सरळ धरला.

"हूं," गुलजमान म्हणाला.

मी अजून तोंडही उघडलं नव्हतं.